उद्जनाचा अर्ज

आमच्या इमारतीच्या गच्चीवर बाग होणार आहे, ही बातमी मला नगरपालिकेच्या पत्रातून कळली. पत्र रीतसर होतं. वर जावक क्रमांक, खाली सही, आणि सही वाचता येऊ नये अशा बेतानं तिच्यावर मारलेला शिक्का. ‘आपल्या अर्जास अनुसरून इमारतीच्या गच्चीवर उद्यान प्रकल्प उभारण्यास मान्यता देण्यात येत आहे,’ एवढाच मजकूर. मी तो तीनदा वाचला. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो, त्यामुळे छापलेल्या कागदावर माझा एका वाचनात विश्वास बसत नाही. तिन्ही वेळा उद्यानच निघालं. मी बागेसाठी अर्ज केला नव्हता. मला बागेची आवडही नाही. घरात एक मनीप्लँट आहे, तो बायकोच्या धाकानं जगतो.

अर्ज केला होता तो उद्जनासाठी. उद्जन म्हणजे सगळे ज्याला हायड्रोजन म्हणतात तो वायू. उद म्हणजे पाणी, ते ज्याच्यापासून जन्मतं तो उद्जन. शब्द जुना आहे, सरळ आहे आणि वापराविना पडून आहे. लोकांना प्राणवायू चालतो, नत्रवायू चालतो, मग उद्जनानंच कुणाचं काय घोडं मारलं आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. शिवाय यात थोडा धोरणाचाही भाग होता. अर्जात ‘हायड्रोजन’ लिहिलं, की वाचणाऱ्याला त्याच्यापुढे ‘बाँब’ हा शब्द न लिहिताच दिसतो. म्हणून मी सुवाच्य अक्षरात ‘गच्चीवर उद्जन प्रकल्प उभारणेबाबत’ असा विषय लिहिला. टेबलामागच्या माणसानं माझा ‘ज’ हा ‘या’ वाचला आणि प्रकरण उद्यान विभागाकडे गेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या हस्ताक्षरावर ही पाळी यावी, याचं दुःख मी कुणापाशी बोललो नाही. म्हणजे बायकोपाशी बोललो, पण ती हसत सुटली, त्यामुळे ते धरता येणार नाही.

मुळात प्रकल्प मुलीचा. ती सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. तिच्याकडे असे जिवाणू आहेत, की ते कार्बनच्या पट्टीवर थर धरून बसतात आणि त्या पट्टीतून येणारी वीज खातात. खातात हा तिचा शब्द. वीज खाऊन ते पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सोडतात. एरवी या कामाला प्लॅटिनमसारखा धातू लागतो, तो परवडत नाही. हे जिवाणू गटाराच्या गाळातून येतात आणि काही मागत नाहीत. वीज सूर्याची वापरली की मिळणारं इंधन अगदी स्वच्छ. बायकोनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे आयतं खायचं आणि दिवसभर बुडबुडे सोडायचे, मग यात एवढं शिकण्यासारखं काय आहे, असा माणूस घरातच आहे.

अडचण अशी झाली, की मुलीच्या प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी तिथं कुलूप लागलं. पुढच्या महिनाअखेर तिची शिष्यवृत्ती संपत होती. त्याच्या आत सलग एकवीस दिवसांच्या नोंदी तयार हव्या होत्या आणि परीक्षकबाई प्रत्यक्ष प्रयोग बघायला येणार होत्या. ते जमलं तर प्रबंध पूर्ण, नाही तर चार वर्षांचं काम अर्धवट सोडून एका कंपनीत काचेची नळकांडी विकण्याची नोकरी तिच्यासाठी तयार होती. तेव्हा तिनं मला विचारलं, “बाबा, आपली गच्ची मिळेल का?” मुलीनं माझ्याकडे काही मागितल्याला कित्येक वर्षं झाली होती. शेवटची सायकल. मला फार बरं वाटलं, हे मी कबूल करतो. अर्जाला मी घरातला सगळ्यात चांगला कागद घेतला.

पत्र आल्यावर मी चूक दुरुस्त करायला नगरपालिकेत गेलो. आमच्या धंद्यात याला शुद्धिपत्र म्हणतात. एका ओळीचं काम असतं: ‘उद्यान’ऐवजी ‘उद्जन’ वाचावे. खिडकीतल्या कारकुनानं माझी ओळ वाचली आणि उद्जन म्हणजे काय ते विचारलं. मी व्युत्पत्तीपासून सुरुवात केली. त्यानं मध्येच हात वर करून हायड्रोजनच ना, असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम मायाळू झाला. त्यानं मला खुर्ची दिली. मग सांगितलं, की असं असेल तर मान्यता रद्द होईल, नवा अर्ज अग्निशमन विभागाकडे जाईल, त्यात जिवाणू आहेत म्हणून आरोग्य विभागाकडे जाईल, दोन्हीकडून आला की संयुक्त पाहणी, आणि हे सगळं लवकर म्हणजे तीन महिन्यांत. “काका, तुमच्याकडे आज शिक्क्याचा कागद आहे,” तो म्हणाला. “तो घेऊन गुपचूप घरी जा.” मी शुद्धिपत्र खिशात घातलं. छापून आलेली चूक समोर दिसत असताना ती तशीच सोडून मी आयुष्यात पहिल्यांदा चालू लागलो.

आता इमारतीच्या समितीची परवानगी. आमच्या सेक्रेटरीबाई दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांचा जन्म जंतू मारण्यात गेला आहे, त्यामुळे कुणी जंतू गच्चीवर मुद्दाम आणून त्यांना खाऊ-पिऊ घालणार, ही कल्पनाच त्यांना रुचेना. समितीच्या फॉर्ममध्ये ‘सजीव असल्यास संख्या’ असा रकाना आहे. तो कुत्र्या-मांजरांसाठी असावा. मी मुलीला संख्या विचारली, तिनं काही अब्ज असं सांगितलं. मी ‘मोजणी चालू’ असं लिहिलं. बाईंनी फॉर्म दोनदा वाचला आणि हे भुंकत नाहीत ना, एवढंच विचारून सही केली. मला वाटतं तो विनोद होता, पण त्यांच्या तोंडावरून काही कळत नाही, कारण कामाच्या सवयीनं त्या तोंडावर मास्क ठेवूनच बोलतात.

खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही अनुभवी म्हणतो. प्रत्येक वाक्याची सुरुवात ते ‘माझ्या अनुभवानं सांगतो’ अशी करतात, मग विषय कोणताही असो. त्यांच्या अनुभवानुसार हायड्रोजन भरला की फुगा वर जातो, तेव्हा गच्चीवर तो साठल्यानं इमारत हलकी होईल काय, हे एखाद्या इंजिनियरला विचारून घ्यावं. दिवसाला चमचा-दोन चमचे वायू निघणार आहे, असं मुलीनं त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, असा अनुभव सांगितला. नंतर ते प्रयोगाची काचेची बरणी कठड्याला दोरीनं बांधून गेले. गाठ इतकी पक्की होती की ती सोडवायला आम्हाला अर्धा तास लागला.

प्रयोग मात्र थाटात सुरू झाला. एक मोठी काचेची बरणी, झाकण मेणानं घट्ट बंद केलेलं, कारण हवा आत गेली की हे जिवाणू मरतात. आत दोन काळ्या पट्ट्या, त्यांना वायरी, वायरी उन्हावर वीज करणाऱ्या पॅनलला आणि रात्रीसाठी एका छोट्या बॅटरीला. वर उलटी नळी, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. रोज सकाळी मुलगी नळी बघायची आणि वहीत आकडा लिहायची. पहिल्या दिवशी अकरा, मग सोळा, मग वीस. आकडा चांगला आला की ती जिन्यातून दोन-दोन पायऱ्या सोडून खाली यायची. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करत पायऱ्या मोजायचो.

सहाव्या दिवशी उद्यान निरीक्षक आले. सभ्य माणूस. हातात टेप, काखेत फाइल. गच्चीवर त्यांनी चौफेर पाहिलं आणि बाग कुठं आहे असं विचारलं. मी सुरुवात व्हायची आहे असं म्हणालो. त्यांनी मला नियम समजावला: चाळीस कुंड्या म्हणजे उद्यान, एकोणचाळीस म्हणजे वैयक्तिक हौस, आणि वैयक्तिक हौशीसाठी दिलेली मान्यता आपोआप रद्द होते. तीन दिवसांची मुदत मिळाली. सोबत एक नोंदवही मिळाली, तिच्यात रोज भरायचे रकाने: कुंडी क्रमांक, जागा, पाणी, ऊन की सावली, वेळ. मग त्यांची नजर बरणीकडे गेली आणि त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

आता मी खरं बोललो असतो तर गच्चीला कुलूप लागलं असतं. “खताचं पाणी आहे,” मी म्हणालो.

निरीक्षकांनी वाकून बंद झाकणाचाच वास घेतला, समाधानानं मान हलवली आणि फाइलमध्ये ‘सेंद्रिय’ असं लिहिलं. मी वळलो तर दारात मुलगी उभी होती, हातात नोंदीची वही. तिनं माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, “खत?” आणि ती खाली निघून गेली. मी तिच्याच भल्यासाठी बोललो होतो, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. तरी त्या दिवशी ती ताट घेऊन आपल्या खोलीत जेवली. चार वर्षं ज्याच्यासाठी तिनं धड झोप घेतली नव्हती, त्याला तिच्या बापानं एका शब्दात खतात घातलं होतं.

चाळीस कुंड्या उभ्या करणं वाटतं तितकं अवघड नाही. इमारतीत प्रत्येक घरात एखादं तरी झाड असतं ज्याचं काय करावं हे त्या घराला कळत नसतं. ही गोष्ट बाहेर फुटली आणि दोन दिवसांत गच्चीवर अर्धमेली झाडं येऊन पडली. तुटक्या बादल्यांत, रंगाच्या डब्यांत, एक तर प्रेशर कुकरमध्ये होतं. सेक्रेटरीबाईंनी पुदिना दिला. अनुभवींनी आपला वेल दिला, बांबूच्या पुरुषभर उंच मांडवासकट, कारण त्यांच्या खिडकीतला उजेड त्यानं खाल्ला होता. ही माहिती त्यांनी स्वतः दिली होती. मी ती ऐकली होती. तरीही पुढचं घडलं.

एवढ्या कुंड्या लावायच्या कशा? उंचीनं, रंगानं, असे सल्ले पुष्कळ आले. मी त्या अकारविल्हे लावल्या. मला व्यवस्थेची दुसरी पद्धत येत नाही आणि यायची गरजही कधी पडली नाही. आलं, कोरफड, गुलाब, जास्वंद, टोमॅटो, पुदिना, मिरची, मोगरा अशी ओळ दारापासून निघाली आणि गच्चीच्या टोकाला ‘व’वर येऊन संपली. टोकाला पॅनल होतं. वेल त्याच्या शेजारी गेला. निरीक्षक नवव्या दिवशी येऊन गेले, त्यांनी चाळीस मोजल्या, एक्केचाळीसाव्या मनीप्लँटबद्दल विशेष आनंद व्यक्त केला आणि इतकी शिस्तशीर बाग आपण पाहिलेली नाही असं म्हणाले. कुणीतरी माझ्या कामाला चांगलं म्हणावं, असं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच घडत होतं. मी नोंदवही जीव लावून भरू लागलो. मिनिटासकट.

दहाव्या दिवशी नळीत पाच मिलिलिटर वायू निघाला. अकराव्या दिवशी शून्य. बाराव्या आणि तेराव्या दिवशीही शून्य. मुलीनं वायरी तपासल्या, मेण तपासलं, झाकणाला कान लावून बसली. जिन्यातून ती आता एकेक पायरी उतरत होती. माझ्याशी काही बोलली नाही, आईला मात्र म्हणाली, की झाकणातून हवा गेली असणार, जिवाणू मेले, आता नवे लावायला वेळ नाही, आणि नळकांड्यांच्या कंपनीला होकार कळवलेला बरा. बायकोनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात नेहमीची टिंगल नव्हती. मी चष्मा पुसत बसलो.

त्याच दुपारी नोंदवही भरायला वर गेलो. सवयीनं आधीची पानं वाचली, कारण मागचं वाचल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘कुंडी क्र. ४०, वेल, दक्षिण टोक. सकाळी ९.४० ते दुपारी ४.१५ दाट सावली. पॅनलही सावलीत. छान गारवा.’ अशी चार दिवसांची चार पानं. चारही दिवस छान गारवा. ही चूक पकडायला मुद्रितशोधकच हवा असं नाही, कुणालाही दिसली असती, पण मी नजर अक्षरांवरून फिरवत होतो आणि अर्थ मला शिवत नव्हता.

मी मांडवासकट वेल ओढत टाकीमागे नेला आणि वेळ नोंदली. वयाच्या मानानं ते माझ्या पाठीला आवडलं नाही. मग पॅनलकडे बघत उकिडवा बसून राहिलो. दोन तास काही झालं नाही. मग एका पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा दिसला, तो सुटला, नळीत वर गेला, आणि त्याच्या मागे दुसरा आला. जिवाणू मेले नव्हते. अंधारात उपाशी बसले होते, एवढंच. वेळ बघितली आणि नोंदवहीत लिहिली. रकाना ‘पाणी’चा होता, पण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

चौदाव्या दिवसापासून आकडे परत चढले. मुलीला आनंद झाला आणि कोडंही पडलं. मी गप्प बसलो. याचा मला अभिमान नाही. दिवसभर वर बसून मी सावली सरकेल तशा कुंड्या सरकवत होतो, अकारविल्हे क्रम कोलमडत होता, तरी मी ते सोसत होतो; पण ‘ती सावली माझी होती’ हे चार शब्द काही तोंडातून निघत नव्हते. अनुभवींनी मला गुलाब घेऊन फिरताना पाहिलं आणि निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं, असा अनुभव बायकोला सांगितला.

एकविसाव्या दिवशी परीक्षकबाई आल्या. बारीक चणीच्या, पायात खेळाचे बूट, कारण आमच्याकडे लिफ्ट नाही हे त्यांना कळवलेलं होतं. बागेतून वाट काढत त्या बरणीपाशी गेल्या, नळी पाहिली, वही उघडली. आलेख चढता होता आणि मध्येच दरीत पडला होता. त्यांनी पेनचं टोक दरीत ठेवलं आणि कारण विचारलं. मुलगी म्हणाली, “मला माहीत नाही, मॅडम.” ती खोटं बोलू शकली असती. बॅटरी, वायर, काहीही चाललं असतं. बाईंनी वही मिटायला घेतली आणि म्हणाल्या, की कारण माहीत नसेल तर या एकवीस दिवसांना सलग कसं म्हणायचं.

मी मोगऱ्यामागे उभा होतो. कुणी बोलावलं नसताना मी पुढे झालो. “कारण मी आहे,” मी म्हणालो. “माझ्या कुंडीची सावली होती.” आणि उद्यान विभागाची नोंदवही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती शांतपणे वाचली. ‘छान गारवा’ला त्यांची भुवई किंचित हलली. मग त्यांनी नोंदवही आणि आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक वेळ जुळवत गेल्या. वेल हलवल्याची वेळ, पहिल्या बुडबुड्याची वेळ. मला त्यांनी सेकंद का लिहिले नाहीत असं विचारलं. रकाना लहान होता, असं मी सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता का, हे पाहण्याचं धाडस मला झालं नाही.

“म्हणजे बॅटरी संपल्यावर तीन दिवस यांना वीज नव्हती,” बाई मुलीला म्हणाल्या, “आणि ऊन मिळाल्यावर दोन तासांत ते कामाला लागले. तुला कळतंय का हे काय आहे? ढग येतात, पावसाळा असतो. सूर्याच्या विजेवर चालायचं तर अशी उपासमार सोसता यायला हवी. मी मुद्दाम चार दिवस बंद ठेव म्हटलं असतं तर तू ठेवलं असतंस?” मुलगी नाही म्हणाली. बाई म्हणाल्या, मीही ठेवलं नसतं, जीव धजला नसता. मग त्यांनी तिला नवं प्रकरण लिहायला सांगितलं, त्यासाठी शिष्यवृत्ती दोन महिने वाढवून मिळेल असं पाहते म्हणाल्या, आणि जाताना सेक्रेटरीबाईंच्या पुदिन्याचा वास घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर गच्चीवर आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, की तुला आधीच सांगायला हवं होतं, आणि खत म्हणायला नको होतं. ती बरणीकडे बघत होती. “आठवडाभर तुम्ही गुलाब घेऊन का फिरत होता ते आज कळलं,” ती म्हणाली. “मी आईला म्हटलं होतं, बाबांना डॉक्टरकडे नेऊ या.” एवढं बोलून ती हसली आणि मग रडली, आणि मग पुन्हा हसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मिरचीला पाणी घातलं.

दोन महिन्यांनी तिनं मराठीतच लिहिलेल्या प्रबंधाचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि छापायच्या आधी एकदा नजर टाका म्हणाली, अर्थ नाही कळला तरी चालेल, नुसती अक्षरं बघा. मी लाल पेन काढलं आणि तीन दिवसांत सगळा गठ्ठा वाचला. वेलांट्या, मात्रा, एका ठिकाणी पूर्ण ओळ दोनदा आलेली. एकूण दोनशे अकरा चुका निघाल्या. शेवटून दुसऱ्या प्रकरणाचं नाव ‘खंडित वीजपुरवठा’ होतं. त्याची पहिलीच ओळ अशी होती: ‘या प्रकरणातील सर्व वेळा माझ्या वडिलांनी नोंदवल्या आहेत, आणि त्या बरोबर आहेत.’

त्या पानावर मला एकही चूक सापडली नाही, असं मी तिला सांगितलं. संध्याकाळी बायकोनं सहज ते पान हातात घेतलं, तर तिला पाच सापडल्या. डोळे भरलेले असताना मुद्रितं वाचू नयेत, हे एकतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.